दफनभूमीची मागची बाजू

"जरा बाजूला होता का? दगड दिसत नाहीये."

कॅमेरावाला मला म्हणाला. फोर्टमधल्या एका थंडगार हॉलमध्ये. मी बाजूला झाले. सवयीनं झाले. कुणी बाजूला हो म्हटलं की आमचे पाय आधी सरकतात, डोकं नंतर विचारतं, का?

डोक्यानं विचारलं तोवर फोटो निघाला होता.

तो दगड माझ्या भावाचा होता. पांढऱ्या चौथऱ्यावर, पिवळ्या दिव्याखाली ठेवलेला. दीड वीत रुंद, काळा. वर कोरलेला खुळखुळा. माझ्या बापानं कोरलेला. भाऊ नऊ महिन्यांचा होऊन गेला. दर वर्षी त्याच्या तिथीला आई त्या दगडाला हळद लावायची. इतक्या वर्षांची हळद. ती घासून काढली होती. दगड कसा नवाकोरा दिसत होता. कुणाचाच नसल्यासारखा.

मी पुढं होऊन हात लावला. लगेच वॉचमन आला.

"हात नाही लावायचा मॅडम. लिहिलंय तिथं."

लिहिलं होतं. वाचणं हाच माझा धंदा, त्यामुळं सगळं वाचलं. 'अनामिक कारागीर. लोककला. मध्य मुंबईतील एका दफनभूमीतून.'

अनामिक. मी स्वतः सांगितलं होतं बापाचं नाव. यल्लप्पा. ल ला ल जोडा, प ला प. समोर बसून लिहून घेतलं होतं मृणालताईंनी.

त्या तिथंच उभ्या होत्या, पाहुण्यांच्या घोळक्यात. एका बाईनं माझ्याकडं बघून विचारलं, "ह्या कोण?"

"ह्या आमच्या फील्डच्या. खूप गोड आहेत. ह्यांच्याशिवाय काही झालंच नसतं."

मी सत्तेचाळीस वर्षांची बाई. मला आजवर कुणी गोड म्हटलं नव्हतं.

आम्ही वडार. दगड फोडणारे. या शहरातल्या कितीतरी इमारतींच्या पायात आमच्या माणसांनी फोडलेला दगड आहे, पण ते कुठं लिहिलेलं नाही. घरात वडारी बोलायचो, बाहेर मराठी. राहायला लालबागला, एका खोलीत सात जण.

आमच्यात मयत जाळत नाहीत, पुरतात. परळच्या बाजूला जी जुनी दफनभूमी आहे तिच्या मागच्या बाजूला आमची माणसं. आमचीच नाही. गोसावी, काही लिंगायत, आणि गिरणीवाल्यांची लहान लहान लेकरं. लेकरू गेलं की सगळेच पुरतात. पुढच्या बाजूला दहनाचे ओटे आणि जुन्या घराण्यांच्या संगमरवरी समाध्या. कुणाचे पणजोबा जमीनदार, कुणाचे सरकारी कचेरीत मोठे कारकून. छत्री, खांब, नाव, हुद्दा, सगळं कोरलेलं. पुढं गुलाबाची कुंडी. मागं रान.

बाप त्या पुढच्या समाध्यांवर अक्षरं कोरायचा. त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं. घरचे लोक खडूनं लिहून द्यायचे, तो त्या रेषेवरून टाकी चालवायचा. हात असा साफ की छापल्यासारखं वाटावं.

मी नऊ वर्षांची होते. पाण्याचा डबा घेऊन बापाबरोबर गेले होते. एका घराण्याच्या म्हाताऱ्याची समाधी होती. बाप 'स्मरणार्थ' कोरत होता. खडूतला रफार त्याच्याच बाहीनं पुसला गेला. त्याला कळलं नाही. कळणार कसं? 'स्मरणाथ' कोरलं गेलं. त्या घरचे सगळे आले होते, फुलं घेऊन, पांढऱ्या कपड्यांत. म्हाताऱ्याच्या मुलानं वाचलं आणि मोठ्यानं म्हणाला, "अरे अंगठाबहाद्दर, वाचता येत नाही तर कोरतोस कशाला?"

सगळे हसले. बायका पण. शोकाला आलेले लोक हसले. आणि माझा बाप हात जोडून त्यांच्याबरोबर हसला. ते मला सहन झालं नाही. त्यांचं हसणं चाललं असतं. बापाचं नाही.

घरी येताना तो एवढंच म्हणाला, "तू शीक. काय लिवलंय ते मला सांगत जा."

मी शिकले. शाळा सुटली की त्याच्या शेजारी बसायचे, खडूचं वाचून दाखवायचे. कोरून झालं की परत वाचायचे. पुन्हा कधी त्याचं अक्षर चुकलं नाही.

पण त्याचं खरं काम मागच्या बाजूला होतं. तिथल्या माणसांना अक्षरं नको होती, वाचणार कोण? दगड तर हवा. मग बाप खूण कोरून द्यायचा. हमालाच्या दगडावर पोती ओढायचा आकडा. चहावाल्याच्या दगडावर किटली. गिरणीतल्या साचेवाल्याच्या दगडावर मागाचा धोटा. एका बाळंतपणात गेलेल्या सुईणीच्या दगडावर नाळ कापायचा विळा. खूण बघितली की घरची माणसं सरळ तिथं जाऊन बसायची. कुणाला विचारावं लागायचं नाही. भाऊ गेला तेव्हा बापानं चार दिवस काही खाल्लं नाही. मग खुळखुळा कोरला. मी बघत होते. आवाज होऊ नये तसा हळू कोरत होता.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. घाव घालणाऱ्याला काय येतं, ते म्हणीत नाही. बापाला खोकला आला. दगडाची भुकटी छातीत बसली. तो पण मागंच आहे. त्याच्या दगडावर काहीच नाही. कोरणाराच गेला होता.

मी आता ठाकूरद्वारला एका छापखान्यात मराठी टायपिंग करते. लग्नपत्रिका, उत्तरकार्याची कार्डं, सोसायट्यांचे अहवाल. मृणालताई तिथंच भेटल्या. दादरच्या. मोठ्या शिकलेल्या घरातल्या. वारशावर अभ्यास करणाऱ्या. दफनभूमीच्या इतिहासाचं एक पत्रक टाइप करायला घेऊन आल्या होत्या. मी टाइप केलं. सगळं पुढच्या बाजूचं. छत्रीची कमान, संगमरवर कुठून आणला, कुणाचं घराणं. शेवटचं पान काढून देताना माझ्या तोंडून गेलं, "मागच्या बाजूचं यात काहीच नाही."

त्यांनी चष्मा वर केला. "मागं काय आहे?"

तिथून सुरू झालं. दोन वर्षं. दर रविवारी. मी त्यांना रानातून वाट काढून एकेक दगड दाखवला. चौदा दगडांवर बापाची खूण अजून स्वच्छ दिसत होती. बाकीचे झिजले होते नाहीतर जमिनीत गेले होते. त्या टेप लावून मापं घ्यायच्या, ब्रशनं माती झाडायच्या, कुठला दगड कुठं आहे त्याचा नकाशा काढायच्या. मी टेपचं दुसरं टोक धरायचे. आमच्या खोलीवर यायच्या, खाली बसून जवळा-भाकरी खायच्या. आईला आई म्हणायच्या. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. पण मी त्यांना ताई म्हणायचे, तुम्ही म्हणायचे. त्या मला तू म्हणायच्या. तेव्हा मला ते आपलेपणाचं वाटायचं.

एकदा आकड्याच्या दगडापाशी उकिडव्या बसून म्हणाल्या, "तुझे वडील कलावंत होते गं. हा या शहराचा खरा इतिहास आहे. पुढचा नाही, हा."

घरी येऊन मी रडले. बापाला असं कुणी म्हणेल हे मी कधी मनातही आणलं नव्हतं. त्या दिवसापासून ती बाई म्हणेल ते मला खरं.

आई म्हणायची, "दाखवू नको गं सगळं. दाखवलेलं जातं."

"आई, तू अडाणी आहेस," मी म्हणाले. हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. ते मी लपवत नाही.

मग एका रविवारी त्यांनी कागद आणले. इंग्रजीत. "दगडांना लोणा चढलाय, खार फुटलाय. साफ करायला न्यायचेत, केमिकल लावून परत बसवू. त्या त्या घरच्यांची सही लागेल. तू सांगितलंस तर देतील."

मी रोज दुसऱ्यांची पानंच्या पानं तपासते. काना, मात्रा, वेलांटी. तो कागद मी तपासला नाही. भावाच्या दगडासाठी पहिली सही माझी. मग तेरा घरं फिरले. लालबाग, शिवडी, वरळीच्या बीडीडी चाळी. माझ्या शब्दावर तेरा सह्या झाल्या. त्यातले सात अंगठे.

वरळीच्या शेवंताबाईंनी अंगठा द्यायच्या आधी विचारलं होतं. ऐंशीच्या पुढची बाई. नवरा साचेवाला, त्याच्या दगडावर धोटा. म्हणाल्या, "परत येतील ना ग?"

"माझी जबाबदारी," मी म्हणाले.

दगड गेले. भावाची तिथी आली. मी कामावर होते. आई एकटीच गेली हळद घेऊन. संध्याकाळी आले तर ती उंबऱ्यात बसलेली. पुडी तशीच हातात.

"सापडला नाही ग," ती म्हणाली. "सगळं सपाट केलंय. मशीन फिरवलंय. कुठं बसू तेच कळंना. एका ठिकाणी बसले, मग वाटलं हितं नाही. उठले, दुसरीकडं बसले. असं लई येळ."

मी मृणालताईंना फोन केला. "साफसफाई केलीये गं, दफनभूमी चालवणाऱ्या ट्रस्टनं. गवत काढलंय. काळजी करू नकोस. फोर्टला आपल्या कामाचं प्रदर्शन ठेवलंय, तू ये. ते झालं की बोलू." मी ते आईला सांगितलं. आईनं हळदीची पुडी परत डब्यात ठेवली.

आणि मग ते प्रदर्शन. ठेवणीतली साडी नेसून मी गेले होते.

हॉलच्या दाराशी टेबलावर एक पुस्तिका ठेवली होती. वॉचमननं हटकल्यावर मी तिकडं गेले, काहीतरी हातात धरायला हवं म्हणून उचलली. दफनभूमीचा वारसा अहवाल, ट्रस्टसाठी केलेला. सवयीनं मागून चाळली. शेवटून तिसरं पान.

'मागील भाग: मोकळी जागा. एकही चिन्हांकित समाधी नाही. वारसामूल्य नाही. वाहनतळासाठी वापरण्यास हरकत नाही.'

खाली मृणालताईंची सही.

मी ते चार वेळा वाचलं. टायपिंगची एक चूक नव्हती.

घोळक्यात जाऊन मी त्यांचा दंड धरला. "मागं मोकळी जागा आहे असं लिहिलंय तुम्ही."

"अगं, ती तांत्रिक भाषा असते."

"खुणांचे दगड तुम्ही काढून नेले. म्हणून खुणा नाहीत."

"हळू बोल ना, प्लीज." त्या मला खांबाआड घेऊन गेल्या. "ऐक. जागा जाणारच होती. ट्रस्टनं मला काम दिलं तेव्हाच ठरलं होतं. मी निदान दगड तरी वाचवले. तुला कळत कसं नाही? हे तुमच्यासाठीच केलं मी."

"काम कधी दिलं?"

"ते पत्रकही ट्रस्टसाठीच होतं," त्या म्हणाल्या. मी हिशेब केला. पत्रक घेऊन छापखान्यात आल्या त्याच्याही आधी. म्हणजे सगळे रविवार त्यांना माहीत होतं. भाकरी मोडताना माहीत होतं. आईला आई म्हणताना माहीत होतं. बाप कलावंत होता म्हणाल्या तेव्हा माहीत होतं.

"नकाशा द्या," मी म्हणाले. "तुम्ही मापं घेतलीत. कुठला दगड कुठं होता, तेवढं द्या."

"तो ट्रस्टचा डेटा आहे. मला नाही देता येणार."

ती मापं घेताना टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.

"मृणाल," मी म्हणाले. ताई गळून पडलं, मी पाडलं नाही. "माझ्या आईनं कुठं बसायचं, ते तू सांग."

तिनं आधी इकडंतिकडं बघितलं, कुणी ऐकतंय का. तेवढ्यानं माझं तिच्याशी नातं संपलं. शिवी दिली असती तरी इतकं संपलं नसतं.

माइकवरून कुणीतरी म्हणत होतं, आपल्या स्थानिक सहकारी भगिनींचा सत्कार. शाल, नारळ. मी तिकडं गेले नाही. चौथऱ्याकडं गेले. दोन्ही तळवे खुळखुळ्यावर ठेवले. वॉचमन धावत आला.

"मॅडम, हात..."

"माझा भाऊ आहे," मी म्हणाले. "त्याला हात लावायला मी कुणाला विचारणार नाही."

वॉचमन बिचारा मान खाली घालून उभा राहिला. माझी बोटं गारठेपर्यंत मी उभी होते. कुणी बाजूला हो म्हणालं नाही. मग मी निघाले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि तेरा घरं परत फिरले. यावेळी सांगायला की मी फसले आणि मी तुम्हाला फसवलं. ते फिरणं फार कठीण गेलं. कुणी शिव्या दिल्या. एकानं पाणी दिलं पण समोर बसला नाही. शेवंताबाईंनी दार लोटून घेतलं. आतून म्हणाल्या, "आपलीच पोर. शिकलेली म्हणून इस्वास ठेवला."

मी दाराबाहेर उभी राहिले. त्यात काय खोटं होतं?

मी अर्ज टाइप केला. मराठीत. संमती मागं घेत आहोत, दगड जागेवर बसवा, वाहनतळ थांबवा. आम्ही दहा जण ट्रस्टच्या ऑफिसात गेलो. तिथल्या व्यवस्थापकानं अर्ज वाचला, चष्मा पुसला. "दगड कुठं होता, पुरावा दाखवा."

"नकाशा तुमच्याकडंच आहे."

"आमच्याकडं अहवाल आहे. त्यात जागा मोकळी आहे."

महापालिकेत गेलो. तक्रार घेतली, पोच दिली. मागच्या बाजूला निळे पत्रे उभे राहिले. आई खिडकीशी बसून असायची. मला एकदाही म्हणाली नाही की मी सांगत होते. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

चार महिन्यांनी शेवंताबाई गेल्या. सकाळी सहाला त्यांच्या मुलाचा, दत्तूचा फोन. म्हणाला, "आईनं मला सांगून ठेवलंय, तुझ्या बापाशेजारी ठेव मला. आणि तुम्हाला बोलवा म्हणालीये."

"मला?"

"तुम्हालाच. उंबराच्या बुंध्यापासून नऊ पावलं, भिंतीकडं तोंड करून. तिनं तुम्हाला सांगायला सांगितलंय. दगडावर तिचा कधी भरवसा नव्हता म्हणे. पावलंच मोजायची."

डॉक्टरचा दाखला घेतला. अकराच्या सुमाराला तिरडी घेऊन आम्ही दफनभूमीच्या फाटकाशी. चाळीस-पन्नास माणसं. व्यवस्थापक बाहेर आला.

"मागं दफन बंद आहे. दुसरीकडं न्या. दफनाचा पास मिळणार नाही."

दत्तू माझ्याकडं बघायला लागला. सगळेच बघायला लागले. मला वाटलं, आता परत माझा शब्द. परत मी सांगणार आणि हे ऐकणार. पुढच्या बाजूला कुणाचा तरी वर्षश्राद्धाचा कार्यक्रम चालला होता, समाधीला हार घालत होते. तेही थांबून बघत होते.

"दत्तू," मी म्हणाले, "यावेळी मी सांगणार नाही. मी आत चाललेय. तुम्ही तुमचं ठरवा."

मी आत गेले. पुढच्या छत्र्यांमधून, सरळ. मागं वळून बघितलं नाही. पत्र्यापाशी पोचले तेव्हा माझ्या मागं पावलांचा आवाज होता. सगळ्यांच्या.

दोन पोरांनी पत्रा उचकटला. आत लाल माती, रोलर फिरवलेली. उंबर तेवढा ठेवला होता, सावलीला. मी नऊ पावलं मोजली. बायका आमच्यात खणत नाहीत. मी कुदळ घेतली. दत्तू बाजूला झाला. वरची माती टणक होती, हाताला फोड आले. हातभर खाली गेल्यावर काळी, ओली, जुनी माती लागली. ती मऊ होती.

व्यवस्थापक फोन कानाला लावून ओरडत होता. "बाई, परवानगी आहे का?"

"नाही," मी म्हणाले आणि खणत राहिले.

शेवंताबाईंना खाली ठेवलं. भिंतीकडं तोंड करून. माझी आई रिक्षानं आली होती, तिनं पहिली मूठ टाकली. पोलीस आले तेव्हा माती लोटून झाली होती. त्यांनी विचारलं, खड्डा कुणी खणला? दत्तू पुढं झाला. मी त्याला मागं केलं. ठाण्यात जाऊन जबाब दिला. हवालदारानं लिहून घेतला, मी वाचून बघितला, दोन ठिकाणी दुरुस्त करायला लावला आणि मग सही केली.

केस चालू आहे. भावाची जागा सापडलेली नाही. ती आता सापडणार नाही, हे आई आणि मी दोघीही ओळखून आहोत. दगड कुठल्या तरी गोदामात आहेत. गेल्या आठवड्यात मृणालचा निरोप आला. तुमच्या लढ्यावर लिहायचंय म्हणे, यावेळी वडिलांचं नाव नक्की टाकते. मी कळवलं, आमच्यावर तू एक ओळ लिहायची नाहीस. जे लिहायचं ते मी लिहीन. हे त्यातलंच.

शेवंताबाईंच्या नंतर आणखी दोघांना आम्ही तिथं ठेवलं. एक गोसावी म्हातारा, एक तान्हं बाळ. पास नाही मिळाला. तरी ठेवलं. तीन गुन्हे माझ्या नावावर आहेत.

ही तीन दफनं झाल्यापासून वाहनतळाचं काम थांबलेलं आहे. परत सुरू होईल, मला माहीत आहे. मशीन येईल त्या दिवशी मी तिथं असेन. आणि आमचं माणूस गेलं तर ते मागच्या बाजूलाच जाईल. चौथा गुन्हा होईल. होऊ दे.